गाडी चालू होईना? आधी तिची विचारपूस करा

मागच्या भागात आपण शेळ्यांच्या विम्यावर बोललो. आज विषय आहे जुन्या गाडीचा. गटांच्या कर्जाच्या वह्या चाळल्या, की शिलाई मशीन, म्हैस, पिठाची गिरणी यांच्या जोडीला आता ‘जुनी स्कूटी’ हे कारण हमखास दिसतं. कुणाला पहाटे डेअरीवर दूध घालायचंय, कुणी आशाताई आहे, कुणाला सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जायचंय. नवी गाडी परवडत नाही, म्हणून दहा-बारा वर्षांची घ्यायची. मग एखाद्या सकाळी ती चालूच होत नाही. गाडी दारात उभी, बाई घरात, आणि हप्ता मात्र दर महिन्याला भरायचाच.

पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या ताईंचं असंच झालं. पावसाळ्याचे दिवस, गाडी सकाळी लागेना, दुपारी ऊन पडलं की लागायची. गॅरेजवाल्यानं आधी बॅटरी बदलली, मग म्हणाला कार्बोरेटर गेला. तोही बदलला. आठ दिवस गाडी त्याच्याकडे, आणि ताई दुधाची किटली घेऊन वाटेवर कुणी थांबतंय का बघत उभ्या. शेवटी दोष निघाला प्लगवरच्या रबरी टोपीत, म्हणजे प्लग कॅपमध्ये. तिला बारीक तडा गेला होता. ओल धरली की करंट प्लगपर्यंत पोचण्याऐवजी तिथूनच निसटायचा. ती टोपी फार स्वस्तात मिळते. आधीच्या दोन पार्टांचे पैसे मात्र गटाच्या कर्जातून गेले.

सगळे मेकॅनिक असे नसतात, पण तपासण्याआधी पार्ट बदलायची खोड पुष्कळांना आहे. आणि समोर बाई असली की समजावून सांगायचे कष्ट कोण घेतो! म्हणून घरच्या घरी काय बघता येतं, तेवढं आज सांगते.

हे समजायला सगळ्यात सोपी गाडी म्हणजे लूना. आठवते ना? कायनेटिक इंजिनिअरिंगनं १९७२ साली ती आणली, आणि ती आपल्या नगरच्या कारखान्यात बनायची. ५० सीसीचं छोटं इंजिन, पायाला पेडल, पेट्रोल संपलं तर सायकलसारखी हाणत घरी यायचं. ठिणगीसाठी तिला बॅटरी लागत नाही, चाक फिरलं की मॅग्नेटोतून करंट तयार होतो. आत काय होतं? पेट्रोल आणि हवा एकत्र होऊन इंजिनात जातात, पिस्टन ते दाबतो, प्लगची ठिणगी ते पेटवते. आपल्या चुलीसारखंच आहे. जळण, काडी आणि वारा. तीनपैकी एक नसलं तर चूल पेटत नाही. लूना कळली की स्कूटी आणि अ‍ॅक्टिव्हाही बरीचशी कळते.

एक सांगून ठेवते. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ चा नियम लागू झाला. तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांना कार्बोरेटर नसतो, इंजेक्शन असतं. त्यांचा पेट्रोलचा भाग घरी उघडू नका. मी बोलतेय ते त्याआधीच्या गाड्यांबद्दल.

आता पहिला प्रश्न. गाडी लागत नाही म्हणजे नेमकं काय होतं? सेल्फचं बटण दाबल्यावर इंजिन फिरतच नाही, की फिरतं पण पेटत नाही? दोन्ही दुखणी वेगळी आहेत. फिरतच नसेल, नुसतं टिकटिक होत असेल, तर आधी हॉर्न वाजवा. हॉर्न घोगरा आला, लाईट मंद दिसला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टोकं सैल झालीत. टोकांवर पांढरा-हिरवा थर दिसला तर इग्निशन बंद करून तो घासून काढा आणि स्क्रू आवळा. हॉर्न अजिबातच वाजत नसेल तर फ्यूज बघा. फ्यूज उडाला म्हणून तिथं तार गुंडाळायची नाही हं, वायरिंग जळतं. आणि स्कूटरचा सेल्फ ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही, हे नव्यानं चालवणाऱ्या बाईला कुणी सांगितलेलंच नसतं! बॅटरी उतरली असली तरी पुष्कळ जुन्या गाड्या किकवर लागतात. किकवर लागली तर इंजिन ठीक आहे, एवढं कळलं.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर जळणापासून सुरू करा. जुन्या गाडीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका, गाडी हलवून टाकीतला आवाज ऐका. कॉक असेल तर तो चालू आहे का, रिझर्व्हवर आहे का ते बघा. गाडी चालू होऊन थोड्या वेळानं बंद पडत असेल, तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा किक मारा. लागली आणि चालत राहिली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. ते साफ केलं की काम झालं.

पेट्रोल जुनं झालं का, हेही बघायचं. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या मुलीची गाडी तीन-चार महिने उभी असते. पेट्रोलचा वास उतरलेला येतो, आणि कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये चिकट थर बसतो. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथेनॉल आपल्याच उसाच्या रसातून आणि मळीतून होतं, तेव्हा त्याला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाडीचे रबरी पाईप त्यानं लवकर खराब होतात. पाणी जास्त झालं की ते टाकीच्या तळाशी बसतं. कार्बोरेटरच्या खाली एक ड्रेन स्क्रू असतो. तो सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. काहीच आलं नाही, तर पेट्रोल पोचत नाहीये. खाली वेगळा थर किंवा थेंब दिसले, तर पाणी आहे. हे काम अंगणात, मोकळ्या हवेत करायचं. जवळ चूल नको, बिडी ओढणारा कुणी नको, लेकरं लांब. स्क्रू आवळा, बाटली झाकण लावून दूर ठेवा, सांडलेलं वाळू द्या, मगच पुढं जा.

आता काडी, म्हणजे करंट. दहा-वीस किका मारून झाल्यावर प्लग पान्यानं प्लग काढा. कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही, मागं जा. पेट्रोलनं ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. काळा, तेलकट असेल तर बारीक पॉलिश पेपरनं घासा, पुसा. मग प्लग कॅपमध्ये बसवा, त्याचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा आणि दुसरीला किक मारायला सांगा. हात फक्त रबरी टोपीला, धातूला नाही, झटका जोराचा बसतो. प्लगच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ येते. सावलीत बघा. निळी, कडक ठिणगी दिसली तर करंट चांगला. पिवळी, मरतुकडी असेल किंवा दिसतच नसेल, तर आधी नवा प्लग लावून बघा, मग कॅप. पाथर्डीच्या ताईंसारखं प्रकरण असेल तर काळोख पडल्यावर किक मारून बघा, फुटक्या टोपीतून निसटणारी ठिणगी डोळ्यांना दिसते. तरीही करंट नसेल तर उंदरानं वायर कुरतडली आहे का ते बघा. त्यापुढं कॉइल आणि मॅग्नेटो, ते मेकॅनिकचं काम.

चोक ओढून किका मारत राहिलं की गाडी ओव्हरफ्लो होते, पेट्रोलचा भपकारा येतो. तेव्हा चोक बंद करा, कॉक असला तर तोही बंद, दहा मिनिटं थांबा, मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारा. यानंच कितीतरी गाड्या लागतात.

वाऱ्याचं थोडक्यात. फिल्टर धुळीनं बुजतो, आणि उभ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशी मातीचं घर करते. किक मारताना सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरा, फुंकर लागली पाहिजे. लूनासारख्या टू-स्ट्रोक गाडीत ऑइलचा कार्बन साचूनही सायलेन्सर कोंदतो. आणि किक अगदी हलकी, विनाविरोध खाली जात असेल, तर कॉम्प्रेशन गेलंय. मग घरी वेळ घालवू नका.

आता वही. गटाची वही ठेवता, तशी गाडीची एक ठेवा. मेकॅनिकला फोन करताना ‘गाडी बंद पडली’ एवढंच म्हणू नका. म्हणा, “दादा, सेल्फनं फिरतेय, कार्बोरेटरला पेट्रोल येतंय, प्लग ओला आहे, करंट नाही.” त्याच्या बोलण्यात लगेच फरक पडतो. पार्ट बदलला तर जुना मागून घ्या, तारीख आणि पैसे लिहा.

आणि ज्या ताई गटाच्या कर्जातून जुनी गाडी बघायला जाणार आहेत, त्यांनी पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावावा. गरम असेल तर मालकानं आधीच चालू करून ठेवली आहे. चहा घ्या, तासभर गप्पा मारा, गार होऊ द्या, आणि मग स्वतः किक मारा. गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तो खर्च भावात धरा. कागदपत्रांचं सविस्तर पुढच्या भागात. तेव्हा आरसी बुक जवळ घेऊन बसा. नमस्कार.