गरोदरपणातली साखर



चाकणच्या बाजारात म्हणा, भोसरी-तळवड्याच्या चाळींत म्हणा, एक वाक्य हल्ली वरचेवर कानांवर येते : "पोरीला शुगर निघाली." आणि त्याच्या मागोमाग दुसरे ठरलेले : "अहो, ती तर केवढीशी! अंगावर मांस नाही, दिवसभर कामात असते, हिला कशाची साखर? तपासणीच चुकली असेल." मला आज बोलायचे आहे ते मुख्यतः या दुसऱ्या वाक्याबद्दल. कारण साखर निघाली तर तिच्यावर उपाय आहेत. पण तपासणी चुकली असे एकदा घरात ठरले, की दवाखान्याची वाटच बंद होते.

गरोदरपणी साखर वाढते का, ते आधी पाहू. पोटातल्या बाळाला अन्न मिळते ते वारेतून. ही वार काही स्राव आईच्या रक्तात सोडते. त्यांच्यामुळे आईच्या शरीरातले इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणारा रस, पूर्वीइतके काम करीनासे होते. यात निसर्गाचा हेतू चांगलाच आहे. सगळी साखर आईनेच वापरून टाकली तर बाळाला काय उरणार? बहुतेक बायकांचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करून ही वेळ निभावते. काहींचे निभावत नाही. मग रक्तात साखर साठते आणि ती वारेतून बाळाकडे जाते. आईचे इन्सुलिन मात्र पलीकडे जात नाही. बाळाला स्वतःच जास्त इन्सुलिन तयार करावे लागते, आणि त्याने त्याच्या अंगावर चरबी चढते. बाळ मोठे म्हणून बाळंतपण अडते. नाळ कापली की साखरेचा पुरवठा तुटतो, पण बाळाचे इन्सुलिन चालूच राहते. त्यामुळे पहिल्या काही तासांत त्याची साखर धोक्याइतकी उतरू शकते. आईचा रक्तदाब वाढण्याची, क्वचित बाळ पोटातच दगावण्याची भीती असते ती वेगळीच. आणि एवढे सगळे होत असताना आईला बहुधा काहीही दुखत-खुपत नाही. ना ताप, ना कळ.

आता त्या 'केवढीशा' पोरीकडे येऊ. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. बायका गरोदर राहण्याच्या आधीपासूनच त्यांची उंची, वजन, आहार यांची नोंद ठेवली. पुढे त्यांना झालेल्या बाळांची तुलना इंग्लंडातल्या साउदम्प्टन गावच्या बाळांशी केली. तिकडचे बाळ सरासरी साडेतीन किलोंचे, आपले पावणेतीन किलोंच्या आसपास. आपल्या बाळाचे पोट लहान, दंड बारीक, सगळेच कमी. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मोजली, तर ती त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला काटकुळे आणि आतून गुबगुबीत, असे हे आपले बाळ. हे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले आणि जगभर त्यांची चर्चा झाली. आमच्याकडे खेड्यात जन्मलेल्या बाळांवरून जगाने काही शिकावे, ही गोष्ट शाळांतून मुलांना सांगण्यासारखी आहे. शिक्षकांनी ती जरूर सांगावी.

याचा अर्थ असा, की आपल्या माणसांत वजनकाट्यावर न दिसणारी चरबी असते आणि साखर वाढायला लठ्ठपणाची वाट पाहावी लागत नाही. त्या पिढीत जन्मलेल्या मुली आता स्वतः आया होत आहेत. तेव्हा सडपातळ बांधा पाहून निर्धास्त राहू नये.

तपासणी सोपी आहे. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शनाप्रमाणे यासाठी उपाशी येण्याची गरज नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी या पद्धतीचा पाठपुरावा केला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. खेडच्या एखाद्या वाडीवरून दोन वाहने बदलून येणाऱ्या बाईला "आज जेवून आलीस, आता उद्या उपाशी ये" म्हटले, तर ती उद्या येत नाही. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात, किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात याची चौकशी करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तीही लक्षात ठेवावी. नवऱ्याच्या पगारातून ई. एस. आय. कापली जात असेल, तर त्या योजनेत बायकोच्या उपचाराचाही हक्क आहे. पुष्कळ कंत्राटी कामगारांना हे ठाऊकच नसते.

ही तपासणी एकदा करून भागत नाही. पहिली, दिवस गेल्यावर पहिल्या भेटीत. दुसरी, चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात. हा काळ नेमका सहाव्या-सातव्या महिन्याचा. म्हणजे आपल्याकडे डोहाळजेवणाचा आणि माहेरी जाण्याचा! इथल्या पट्ट्यातल्या कितीतरी मुली लातूर, बीड, नांदेडकडच्या. इकडच्या दवाखान्याला वाटते ती गावी गेली, गावच्या दवाखान्याला वाटते तिकडे तपासणी झालीच असेल. म्हणून ओटी भरून पाठवणी करताना तिचे माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत आहे ना, एवढे सासूबाईंनी पाहावे.

साखर निघाली तर घरात पहिला वाद होतो तो ताटावरून. "सूनबाई, दोन जिवांची तू, एवढ्याशा भातावर कशी राहशील?" "आई, बाईंनी भात कमी सांगितलाय, उपाशी राहायला नाही सांगितलं." सूनबाईंचे उत्तर बरोबर आहे. उपाशी राहणे बाळाला अपायकारकच. पण दोन जीव म्हणजे दोन माणसांचे जेवण नव्हे. दुसऱ्या जिवासाठी रोजच्यापेक्षा जास्त लागते ते साधारण एक भाकरी, वाटीभर वरण आणि पेलाभर दूध, इतकेच. तीन जेवणे आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडे खाणे, अशी वाटणी करावी. भाकरी ज्वारीची असली तरी तिचीही साखरच होते, तेव्हा तीही मोजून खावी. बरोबर मटकी, हरभरे, डाळ, पालेभाजी, ताक, चालत असल्यास अंडे असावे. सकाळी साखर अधिक चढते, म्हणून पोह्यांची भरलेली बशी एकदम न संपवता दोनदा खावी. "साखर बंद, गूळ चालतो" ही समजूत सोडावी. रक्ताला दोन्ही सारखेच. फळांच्या रसापेक्षा फळ बरे. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसता पिष्टाचा ढीग. या नऊ महिन्यांत देव तेवढी सूट देईलच.

आपल्याकडची खरी अडचण पाळ्यांची. नवरा रातपाळी करून सकाळी येतो, तो जेवेल तेव्हा ही जेवते. पुढच्या आठवड्यात पहिली पाळी, पुन्हा घड्याळ बदलते. ती स्वतः एखाद्या वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जात असेल तर आणखीच ओढाताण. अशा घरात नवऱ्यासाठी न थांबता तिने वेळेवर जेवावे, आणि जेवायला तिला नवऱ्यानेच बजावून सांगावे. तिने आपण होऊन आधी जेवणे अजून कित्येक घरांत उद्धटपणा समजतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. ट्रकांच्या रस्त्यावर नको, चाळीच्या अंगणात किंवा गच्चीवर फेऱ्या घालाव्यात. डॉक्टरांनी चालू नको म्हटले असेल, तर अर्थात त्यांचेच ऐकावे.

दोन आठवडे असे पथ्य करूनही जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत आली नाही, तर डॉक्टर मेटफॉर्मिनच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू करतात. इन्सुलिनचे नाव काढले की घरात रडारड होते. "एकदा सुई लागली की जन्माची!" इंजेक्शनची ही धास्ती निदान पिंपरीच्या पंचक्रोशीत तरी नसावी. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना इथे निघाला आणि पेनिसिलीनच्या सुईने या गावाचे नाव देशभर नेले. इन्सुलिनचा शोध १९२१ साली कॅनडातल्या टोरोंटोमध्ये लागला. त्यापूर्वी मधुमेही बाईचे बाळंतपण दोघांच्याही जिवावर बेतत असे. गरोदरपणापुरते सुरू केलेले इन्सुलिन बाळंतपणानंतर बहुतेकींचे बंद होते, आणि वार ओलांडत नसल्याने बाळाला ते बाधत नाही. ते फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात नको. इन्सुलिन घेणाऱ्या बाईला एकाएकी घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर साखर फार उतरली असे समजावे, लगेच तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यावी, मागाहून काही खायला द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. त्या घटकेला पथ्य आडवे आणू नये.

बाळ झाले की तासाभराच्या आत त्याला अंगावर पाजावे. गुटी-मध चाटवत बसू नये. आईची साखर बहुधा खाली येते, आणि घरातले सारे तो विषय विसरतात. डिंकाचे लाडू वळले जातात. पण अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सुमारे सात ते दहा पट असतो. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची पुन्हा तपासणी व्हावी लागते, आणि त्यानंतरही डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे अधूनमधून. सहा आठवडे म्हणजे आपला सव्वा महिना उलटून काही दिवस. याच सुमारास बाळाला दीड महिन्याची लस टोचायला नेतात. बाळाला कडेवर घेऊन सगळे घर निघते, आई मागून येते. त्याच दिवशी तिच्या रक्ताची तपासणी मागून घ्यावी. या खेपेला मात्र तिला रात्रीपासून उपाशी यावे लागते, एवढे आशाताईंना आदल्या दिवशी विचारून ठेवावे. आणि रक्त देऊन झाल्यावर खायला बरोबर डबा न्यावा.