पुढचं शून्य कुठे गेलं?

मागच्या वेळी बऱ्याच जणांचा प्रश्न होता, की टेबल तर आम्हाला बनवता येतात, मग डेटा मॉडेलिंगमध्ये वेगळं काय करायचं असतं? आज त्यातली एकच गोष्ट घेऊया. डोमेन. वेबसाइटसाठी विकत घेतो ते डोमेन नव्हे हं!

आधी माझी फजिती सांगते. पहिल्या नोकरीत आम्ही पगाराचं सॉफ्टवेअर बनवायचो. कर्मचाऱ्यांच्या टेबलमध्ये बँक खाते क्रमांक व्हारकॅर होता, म्हणजे अक्षरांसारखा साठवलेला. पेमेंटचं टेबल माझ्याकडे आलं. मी म्हटलं, खाते क्रमांक म्हणजे आकडेच ना? ठोकून दिला बिगइंट. टेस्टिंग झकास झालं, कारण माझ्या खोट्या डेटात एकही खातं शून्याने सुरू होत नव्हतं.

खऱ्या जगात काही बँकांची खाती शून्याने सुरू होतात. आणि संख्या म्हणून साठवलं की पुढचं शून्य गेलंच. आमचा एक क्लायंट होता, त्याच्याकडे बरेच ड्रायव्हर. दिवाळीच्या आधीचा पगार. फाइल बँकेत गेली आणि एका बँकेतल्या सगळ्यांचे पैसे परत आले. त्यातल्या एकाचा फोन मीच उचलला. "मॅडम, पोरांना घेऊन कपड्याच्या दुकानात उभा आहे," एवढंच म्हणाला. चिडला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

आता गंमत बघा. दुरुस्ती सोपी होती, पण शोधायला दोन दिवस गेले. खाते क्रमांक सात टेबलांत होता आणि चार प्रकारे लिहिलेला होता. कुठे व्हारकॅर वीस, कुठे पंधरा, एकीकडे आधीच्या कुणीतरी डेसिमल केलेला, आणि माझा बिगइंट. प्रत्येकाने आपापल्या परीने अंदाज लावला होता. खाते क्रमांक म्हणजे नक्की काय, हे आमच्यात एकदाही ठरलं नव्हतं.

डोमेन म्हणजे ते एकदा ठरवणं. मॉडेलमध्ये 'खाते क्रमांक' नावाचा एक प्रकार बनवायचा: अक्षरं म्हणून साठवायचा, जास्तीत जास्त लांबी अमुक, आत फक्त अंक. मग कुठल्याही टेबलात कॉलम घालताना लांबी-बिंबी लिहायची नाही, हा प्रकार निवडायचा. अर्विन, पॉवरडिझायनर, ओरॅकलचं डेटा मॉडेलर, या सगळ्यांत ही सोय आहे. लोक बघतात आणि पुढे जातात. मीही जायचे.

आयएफएससीचं उदाहरण घ्या. एकूण ११ खुणा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, शेवटच्या सहा शाखेच्या. हातानं टाइप करणारा माणूस त्या शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' टाकतोच टाकतो. हा नियम डोमेनमध्ये एकदा लिहिला, की तो कॉलम जिथे जिथे आहे तिथे तिथे तपासणी लागू. पोस्टग्रेसमध्ये 'क्रिएट डोमेन' ही आज्ञा आहे, त्यामुळे डेटाबेस स्वतःच चुकीची नोंद नाकारतो. मायएसक्यूएलमध्ये ती नाही. तिथे डोमेन फक्त तुमच्या मॉडेलमध्ये राहतं आणि स्क्रिप्ट तयार होताना त्याचं साधं व्हारकॅर होतं. तरीही फायदा आहेच, कारण ठरवण्याची जागा एकच राहते.

नावाबद्दल माझं मत जरा कडक आहे. 'टेक्स्ट पन्नास' असलं डोमेन बनवू नका. ते नाव मापाचं झालं, अर्थाचं नाही. आडनाव आणि गावाचं नाव दोन्ही पन्नास अक्षरांत बसतात, म्हणून ती एक वस्तू होत नाही. उद्या गावाचं नाव वाढवायचं ठरलं, की आडनावही उगाच सोबत ओढलं जाणार.

दुसरं, 'रिकामं चालणार नाही' ही अट डोमेनमध्ये घालायचा मोह होतो. ती कॉलमवर ठेवा. कर्मचाऱ्याचा मोबाइल सक्तीचा असेल, पण त्याच्या नातेवाइकाचा असेलच असं नाही. नंबर मात्र दोन्हीकडे सारखाच दिसायला हवा.

ही कल्पना नवी नाही बरं का. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेलवरचा जो पेपर लिहिला, त्यात 'डोमेन' हा शब्द आहे. पण आजच्या डोमेनकडून फार अपेक्षा ठेवू नका. पोस्टग्रेसमध्ये पिनकोड आणि खाते क्रमांक अशी दोन डोमेनं अक्षरांवर बांधली, तर त्या दोघांची तुलना तो मुकाट्याने करू देतो. शिवाय बनवलेल्या डोमेनचा मूळ प्रकार नंतर थेट बदलता येत नाही. नियम वाढवता येतो, आणि वाढवताना तो जुना डेटाही तपासतो. म्हणजे पहिला निर्णय, अक्षर की अंक, तो शांतपणे घ्यायचा. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: याची कधी बेरीज करणार आहे का? खाते क्रमांकांची बेरीज कोण करतं?

ड्रायव्हरांचे पैसे तिसऱ्या दिवशी पोचले. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये 'मोबाइल' हा कॉलम किती टेबलांत आहे आणि किती प्रकारे लिहिलाय, मोजा आणि आकडा मला कळवा. पुढच्या भागात बोलू तारखांवर. चला, येते!