गृहप्रवेशापूर्वीचे व्रत



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपल्या पूर्वजांनी अनुभवातून जपली. एकेकाळी नोकरदार माणूस भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करी आणि निवृत्तीच्या वेळी भविष्य निर्वाह निधी हाती आला की घराचा विचार करी. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी स्थापन झाली आणि मध्यमवर्गीयाला दीर्घ मुदतीच्या गृहकर्जाचे दार उघडले. आधी बचत, मग घर हा क्रम उलटला. तिशीतील दांपत्याला स्वतःचे छप्पर लाभू लागले, हे स्वागतार्हच. परंतु बचतीचा संस्कार मागे पडावा, हे योग्य नव्हे.

पुण्यातील ५० लाखांच्या सदनिकेचे उदाहरण घेऊ. एवढ्या घरासाठी रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४० लाख कर्ज मिळू शकते. उरलेले १० लाख स्वतःचे हवेत. मुद्रांक शुल्काचे ७ टक्के, म्हणजे साडेतीन लाख, निराळे. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास त्यात १ टक्का सवलत आहे. नोंदणी आणि किरकोळ खर्च धरता १४ लाखांची तजवीज हवी.

ही रक्कम कोठून आणायची? बहुधा वडिलांच्या निवृत्तीची पुंजी मोडली जाते किंवा घरातील स्त्रीधन गहाण पडते. एका पिढीचे घर दुसऱ्या पिढीच्या म्हातारपणावर उभे राहावे, हे कुटुंबधर्माला शोभणारे नाही.

यावर उपाय आहे तो व्रताचा. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ३४,७०० रुपये येतो आणि एकूण परतफेड ८३ लाखांवर जाते. आज घरभाडे १५,००० रुपये असेल, तर उरलेले १९,७०० रुपये पगाराच्या दिवशीच आवर्त ठेवीत टाकावेत. चार वर्षांत व्याजाविना सुमारे साडेनऊ लाख जमतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा हप्ता आपल्याला पेलतो की नाही, हे कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीच कळते. न पेलल्यास घर लहान निवडावे. तोवर भाव वाढतील, ही भीती खरी आहे. पण न झेपणारे कर्ज त्याहून महाग पडते.

व्याजदर स्थिर राहतील, असेही गृहीत धरू नये. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि अनेकांच्या कर्जाची मुदत वर्षानुवर्षे लांबली. म्हणून सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी गंगाजळी आणि कमावत्या व्यक्तीचा मुदत विमा अगोदरच असावा. बांधकाम व्यावसायिकाला नोंदणीकृत करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. २०१६ च्या रेरा कायद्याने अधिक घेण्यास त्याला मनाईच केली आहे.

गृहस्थाश्रमावर इतर तिन्ही आश्रमांचा भार आहे, असे आपली परंपरा मानते. हप्त्याच्या धास्तीने जादा कामाला जुंपलेला तरुण शाखेला, सेवावस्तीला किंवा आजारी शेजाऱ्याला वेळ कोठून देणार? घर चार खोल्यांचे नसले तरी चालेल. आल्यागेल्या पाहुण्याला निश्चिंत मनाने 'बसा, जेवूनच जा' म्हणता यावे, एवढी मोकळीक त्या घरात असावी. तिची तयारी गृहप्रवेशाच्या चार वर्षे आधीच सुरू होते.