घड्याळ न्यूयॉर्कचे, रात्रपाळी अंधेरीची

(उपनगरातील व्याख्यानमालेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



जग घडविणाऱ्या व्यक्ती आणि शक्ती असा विषय निघाला की, वॉशिंग्टन, बीजिंग, मॉस्को या राजधान्या डोळ्यांसमोर येतात. अंधेरी-घाटकोपरच्या माणसाचा त्यांच्याशी संबंध वर्तमानपत्र वाचण्यापुरताच, असा एक समज आहे. वस्तुतः तो खरा नाही. अंधेरी पूर्वेला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत सीप्झचे प्रवेशद्वार आहे. शंभरएक एकरांच्या त्या कुंपणाआड गेल्या अर्धशतकातील जागतिक उलथापालथीचा प्रत्येक तरंग येऊन आदळला आहे.

1965 साली कांडला येथे देशातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले. 1973 साली सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, म्हणजेच सीप्झ, उभे राहिले. देशाकडे परकीय चलन तुटपुंजे होते. म्हणून युक्ती अशी की, कुंपणाच्या आत कच्चा माल सीमाशुल्काविना यावा, येथील हातांनी तो घडवावा आणि तयार माल परदेशी जावा. भूमी भारताची, पण सीमाशुल्काच्या हिशेबात जणू परदेश! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब तेलउत्पादक देशांनी तेलाची नाकेबंदी केली. काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला आणि डॉलर मिळविण्याची ती युक्ती राष्ट्राची निकड बनली.

एकच कल्पना, दोन फळे

याच कल्पनेचे दुसरे रूप चीनमध्ये दिसले. डेंग झिआओपिंग यांच्या नेतृत्वाखाली 1980 साली शेन्झेनला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला. ते सीप्झनंतर सात वर्षांनी आले. 2020 च्या जनगणनेत त्या शहराची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या घरात गेली. तेथे केवळ सुटे भाग जोडणे झाले नाही. पुरवठादार, बंदर, अभियंते आणि पुढे स्वतःची उत्पादने असलेल्या कंपन्या, असे सारे एकाच ठिकाणी वाढले. येथे कुंपण कुंपणच राहिले. इलेक्ट्रॉनिक्सचे नाव धारण केलेल्या क्षेत्राची ओळख पुढे हिरेजडित दागिन्यांनी घडली. 1 नोव्हेंबर 2000 रोजी त्याला विशेष आर्थिक क्षेत्राचा दर्जा मिळाला, तोवर शेन्झेन कितीतरी पुढे गेले होते. व्यक्तीचे महत्त्व येथे कळते. शक्ती सर्वांसमोर सारख्याच येतात. त्यांना वळण देण्याची दृष्टी आणि सातत्य मात्र सर्वांपाशी नसते.

तथापि, दृष्टीची उदाहरणे या भूमीतही आहेत. 1968 साली स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची धुरा फकीरचंद कोहली यांनी वाहिली. 1977 साली टाटा आणि अमेरिकेची बरोज कंपनी यांचा संयुक्त उद्योग सीप्झमध्ये आला. विदेशी मालकीवरील निर्बंध मान्य नसल्याने 1978 मध्ये आयबीएमने भारतातील काम गुंडाळले, तेव्हा संगणकक्षेत्र पोरके होईल अशी भीती होती. प्रत्यक्षात त्या पोकळीतच येथील तंत्रज्ञांना वाव मिळाला. ज्या देशात संगणक दुर्मीळ होते, त्या देशाने संगणकाची आज्ञावली निर्यात केली, ही घटना सामान्य नव्हे.

सोने गेले आणि परत आले

जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेचे सुमारे 47 टन सोने मुंबईच्या विमानतळावरून तारण म्हणून परदेशी रवाना झाले. आखाती युद्धाने महागलेले तेल, आटलेली गंगाजळी आणि कर्जाचे हप्ते यांनी ही वेळ आणली होती. विमानतळापासून थोड्या अंतरावर सीप्झचे कारागीर परदेशी बाजारासाठी सोन्याचे दागिने घडवीत होते. उत्पादन होते, कौशल्य होते, पण गाठीशी साठा नव्हता. 2023-24 या वर्षात रिझर्व्ह बँकेने ब्रिटनमधील आपले 100 टनांहून अधिक सोने देशात आणले, तेव्हा जुन्या पिढीला 1991 आठवले असेल, तर नवल नाही.

उदारीकरणानंतर उपनगरांचे रूप पालटले. भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर एकेकाळी कारखान्यांच्या भोंग्यावर घराघरांतले डबे भरले जात. एकेक भोंगा थांबला आणि त्या जमिनींवर मॉल व मनोरे उभे राहिले. कामगाराचा मुलगा संगणकापुढे बसला. ही प्रगतीच आहे. परंतु भोंग्याच्या जागी जे घड्याळ आले, ते न्यूयॉर्कचे होते. उन्हाळ्यात मुंबई न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असते, हिवाळ्यात साडेदहा. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये अमेरिका आपली घड्याळे सरकवते आणि बोरिवलीच्या एखाद्या घरात सुनेच्या जेवणाची वेळ बदलते. कार्यालयाची गाडी दाराशी येते तेव्हा सासूबाई देवापुढचा दिवा लावीत असतात.

15 सप्टेंबर 2008 रोजी लेहमन ब्रदर्स कोसळली, तेव्हा पवईतील तिच्या सेवाकेंद्रातील तरुणांनी रात्र चिंतेत काढली. ज्या गृहकर्जांनी ती बुडाली, ती त्यांनी दिली नव्हती. पुढच्याच महिन्यात जपानच्या नोमुराने ती केंद्रे घेतली आणि त्यांना आधार मिळाला. न्यूयॉर्कमधल्या लोभाचा हिशेब पवईत मागितला गेला आणि तो टोकियोने चुकता केला.

यापुढची परीक्षा

27 ऑगस्ट 2025 पासून भारतीय मालावरील अमेरिकेचे अतिरिक्त आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेले. त्या एका निर्णयाने सीप्झमधील दागिन्यांचा व्यवसाय हादरला, कारण त्याचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका. नाताळच्या विक्रीसाठी मागण्या येण्याच्या हंगामातच हा घाव बसला. दर पुढे वाटाघाटींचा विषय झाले, पण रोजावर जगणाऱ्या कारागिराची चूल वाटाघाटी संपेपर्यंत थांबत नाही. दुसरी शक्ती कृत्रिम बुद्धिमत्तेची. 30 नोव्हेंबर 2022 रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले आणि कौशल्यांचा मेळ बसत नसल्याचे कारण दिले. तेव्हा आजवर ज्या कामाला पक्की नोकरी म्हटले गेले, तेही पक्के नाही, हे घराघरांत उमगले.

यावर दारे बंद करून बसणे हा उपाय नव्हे. दारे उघडली म्हणूनच लक्षावधी घरांत चूल पेटली. प्रश्न आहे तो दाराची कडी कोणाच्या हाती असावी हा. दागिना येथे घडतो, पण त्यावरचे नाव आणि नफ्याचा मोठा वाटा बहुधा दुसऱ्याचा असतो. आज्ञावली येथे लिहिली जाते, पण तिची मालकी परक्याची असते. ज्याच्यापाशी रचना, नाव आणि बाजार, त्याच्यापाशी निर्णय. केवळ हात आणि वेळ विकणारा समाज कितीही मेहनती असला तरी परावलंबीच राहतो.

म्हणून उपनगरातील पालकांनी मुलाला 'पगार किती' या प्रश्नाबरोबरच 'तू जे करतोस त्याचा मालक कोण' हाही प्रश्न विचारावा. महाविद्यालयांनी नोकरीच्या मुलाखतींइतकाच वेळ संशोधनाला द्यावा. उद्योजकांनी एका देशाच्या मागणीवर सारा डोलारा उभारू नये आणि घरच्या बाजाराला दुय्यम मानू नये. बँका व सहकारी पतसंस्थांनी तारणापलीकडे कौशल्याकडेही पाहावे. जगाला आकार देणाऱ्या शक्ती यापुढेही येत राहतील. त्या आल्या की अंधेरीने केवळ आपली पाळी बदलायची, की त्यांना आपल्या बाजूने वळवायचे, हे ठरविण्याचे काम येथील पिढीचेच आहे.