गाडीतले नवे प्लास्टिक आणि आपली मुले



पूर्वी रेडिओवर बातम्या लागलेल्या असताना दारावरून फटफटी गेली की खरखर होई, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. स्पार्क प्लगच्या ठिणगीतून विद्युतचुंबकीय लहरी निघतात. त्या रेडिओत शिरत. आज पुष्कळ नव्या गाड्यांत संगणकाची एक छोटी पेटी असते. तिच्यात अशी खरखर शिरली तर केवळ बातम्या नव्हे, इंजिनाचे कामच बिघडू शकते. म्हणूनच आपल्या नगरच्या वाहन संशोधन व विकास संस्थेत, म्हणजे व्ही.आर.डी.ई.मध्ये, वाहनांची या दृष्टीने खास चाचणी होते.

यावरचा उपाय मायकेल फॅरडे यांनी १८३६ साली दाखवला. धातूने मढवलेल्या खोलीत ते स्वतः बसले. बाहेर ठिणग्या उडत होत्या, आत विजेचा परिणाम नव्हता. धातूची पेटी लहरी अडवते आणि आतली उष्णताही बाहेर काढते. पण ती जड असते. साधे प्लास्टिक हलके, परंतु लहरी त्यातून आरपार जातात आणि उष्णता वाहून नेण्यात ते ॲल्युमिनियमच्या सुमारे हजारपट मागे आहे.

मग दोन्हींचे गुण एकत्र कसे आणायचे? मातीत भुसा कालवून भिंत लिंपतात, तसा प्लास्टिकमध्ये दुसरा पदार्थ कालवतात. कार्बनचे किंवा निकेल चढवलेले तंतू घातले की लहरी अडतात. ३० डेसिबल अडथळा म्हणजे लहरींच्या शक्तीचा हजारातला एकच भाग पलीकडे जातो. मात्र चिपला टेकणाऱ्या भागातून वीज वाहिली तर शॉर्टसर्किट होईल. तेथे बोरॉन नायट्राइडची किंवा ॲल्युमिनाची पूड वापरतात. ती उष्णता नेते, वीज नेत नाही.

यात एक मर्म आहे. ओढ्यात दोन-चार दगड टाकून पलीकडे जाता येत नाही. ते पावलाच्या अंतरावर आले की वाट होते. तंतूंचेही तसेच. ते एकमेकांना टेकू लागले की साखळी जुळते आणि प्लास्टिकचा गुण एकदम बदलतो. फार घातले तर ते ठिसूळ होते. किती घालायचे, हे गणिताने व प्रयोगाने ठरते.

पालकांनो, आपली कितीतरी मुले दहावीनंतर गॅरेजमध्ये जातात. ती हलाल कमाई आहे, त्यात कमीपणा नाही. परंतु आता पाना-पक्कड एवढ्यावर भागणार नाही. पेटीचे फुटलेले झाकण साध्या प्लास्टिकचे बसवले, किंवा चिपखालची पट्टी निरुपयोगी समजून काढून टाकली, तर गाडी का रुसते हे त्या मुलाला कळले पाहिजे. फॅरडे लोहाराचे पुत्र होते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले. आपल्या मुलांनी काम जरूर करावे, पण आय.टी.आय. किंवा पॉलिटेक्निकची वाट सोडू नये. आणि मुलींनाही प्रयोगशाळेत पाठवा. ओढ्यातला एक दगड कमी पडला तरी वाट तुटते. तो दगड दहावीनंतरच्या दोन-तीन वर्षांचा आहे. तेवढा आपण टाकू या.