पराभवाची सवय



आज मी एका खेळाची हकीकत सांगणार आहे. पण माझा खरा विषय खेळ नाही. हरणे हा काही दोष नव्हे. हरण्याची सवय जडणे, हा मात्र रोग आहे.

अमेरिकेत शिकागोच्या उत्तरेस, मिशिगन सरोवराच्या काठी इव्हान्स्टन नावाचे गाव आहे. तेथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ विद्येत मोठे नाणावलेले. फुटबॉलमध्ये मात्र त्याची कीर्ती नेमकी उलटी! हा फुटबॉल आपला पायाने खेळावयाचा नव्हे. लांबट चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडावयाची, असा तो अमेरिकन खेळ आहे. १९७९ ते १९८२ या काळात हा संघ लागोपाठ ३४ सामने हरला. १९८१ मध्ये पराभवांचा उच्चांक झाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी मैदानात शिरून गोलचे खांब पाडले आणि आपण सर्वांत वाईट असल्याचा जयघोष केला! आपल्याला हसू येते. पण मनाने शस्त्रे खाली ठेवल्याची ही खूण होती.

१९९२ मध्ये गॅरी बार्नेट हे शिक्षक आले. संघाला पॅसाडिनाच्या ‘रोझ बोल’ सामन्यास नेण्याची भाषा त्यांनी केली. तेथे हा संघ १९४९ नंतर गेलाच नव्हता. पहिल्या तीन वर्षांत मिळून जेमतेम ८ विजय हाती लागले. शिवाय १९९४ च्या हंगामात काही खेळाडू आपल्याच सामन्यांवर पैजा लावीत होते, एकाने तर चेंडू मुद्दाम हातचा सोडला, हे पुढे उघडकीस आले. पराभव ठरलेलाच आहे असे एकदा मानले, म्हणजे तो विकावयासही माणूस कचरत नाही!

२ सप्टेंबर १९९५ रोजी बलाढ्य नोत्र दामशी गाठ पडली. जिंकल्यावर मला खांद्यावर घेऊ नका, असे बार्नेटनी आधीच बजावले होते. विजय ही नवलाई वाटता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ. संघ १७–१५ असा जिंकला. पण पुढच्याच सामन्यात ओहायोतील मियामी विद्यापीठाने हाती आलेला डाव ३०–२८ असा हिसकावून घेतला. जुनी सवय एका विजयाने सुटत नाही, हेच खरे.

खरी परीक्षा येथे झाली. त्यानंतर संघ एकही साखळी सामना हरला नाही. मिशिगन, पेन स्टेट असे मातब्बर संघ त्याने नमविले आणि आपल्या गटातील आठही सामने जिंकले. तरी पॅसाडिनाची वाट मोकळी झाली, ती मिशिगनने ओहायो स्टेटला हरविले तेव्हाच. प्रयत्नाला दैवाची साथ लागते हे कबूल. पण दैव दाराशी येईल तेव्हा आपण जागे असावे लागते.

१ जानेवारी १९९६ रोजी पॅसाडिनात हा संघ दक्षिण कॅलिफोर्नियाकडून ४१–३२ असा हरला. गोष्ट पराभवाशीच येऊन थांबली, असे आपण म्हणाल. पण आता त्या पराभवाचा उत्सव कोणी केला नाही. त्याची खंत वाटली. ही खंत परत मिळविणे, हीच त्या वर्षाची कमाई.

आपल्या संस्था, आपली गावे, आपण स्वतः कोणकोणत्या पराभवांना हसून सरावलो आहोत, याचा विचार आपण घरी जाताना करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.