रेंगाळलेला रोग आणि शरीराची पुंजी

(जागतिक क्षयरोग दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. म्हणून आजचा हा दिवस. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रोगनिदान हा माझा प्रांत नव्हे. परंतु जमाखर्च पाहणाऱ्याला या रोगात जे ठळकपणे जाणवते, तेवढेच आपणांसमोर मांडतो.

प्रतिकारशक्ती घटली म्हणून रोग झाला, असे आपण नेहमी म्हणतो. रेंगाळलेला रोगच प्रतिकारशक्ती खर्ची घालतो, ही दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जखमेभोवती सूज व लाली येते. हा दाह म्हणजे शरीराचा बचाव होय. काम आटोपून तो ओसरला तर उपकारकच. क्षयासारख्या आजारात मात्र तो महिनोन् महिने धुमसत राहतो. दाह चालू ठेवणारी द्रव्ये भूक मारतात, स्नायूंतील प्रथिने झिजवतात. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक लोह साठ्यातच अडकवून ठेवते. त्यामुळे जंतूंची कोंडी होते, पण रक्तनिर्मितीसही लोह अपुरे पडून पांडुरोग जडतो. दीर्घ संसर्गात अखंड झुंजणाऱ्या संरक्षक पेशीही थकतात व त्यांची मारक शक्ती मंदावते. त्या पेशी आणि प्रतिद्रव्ये घडवण्यास प्रथिनेच लागतात, आणि रुग्णाच्या ताटात नेमकी त्यांचीच वाण असते. खर्च वाढता आणि जमा घटती, असा हा व्यवहार आहे.

यावर अन्न हाच किती मोठा उपाय आहे, हे झारखंडमधील अभ्यासाने दाखवून दिले. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना दरमहा तांदूळ, डाळ व सूक्ष्म पोषके दिली असता त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. शासनानेही रुग्णाचे मासिक पोषण साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये केले.

तरीही एक चिंता उरते. औषधे सुरू झाल्यावर दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढू लागते आणि रोजगार बुडू नये म्हणून रुग्ण येणे थांबवतो. साध्या क्षयाचाही उपचार सहा महिन्यांचा असतो. अर्ध्यावर सोडल्यास उरलेले जंतू पुन्हा उचल खातात, औषधांना दाद न देण्याचा धोका वाढतो आणि शरीराची झीज पुन्हा सुरू होते. नातेवाइकांनी रुग्णाला बरे वाटते की नाही एवढेच न पाहता उपचार पूर्ण झाला की नाही, हे पाहावे. मधुमेह असल्यास क्षयाचा धोका दोन ते तीन पट असतो. म्हणून रक्तातील साखरही तपासून घ्यावी.

दात्यांना एक नम्र विनंती. वाढदिवसानिमित्त एक दिवस फळवाटप करण्याची इच्छा अनेक जण व्यक्त करतात. त्यामागील सद्भावनेविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्याच रकमेत एखाद्या कुटुंबाची काही महिन्यांची डाळ भागू शकेल. तिचे छायाचित्र निघणार नाही. पण घरातील दुसरा माणूस कदाचित खाटेवर येणार नाही. आमच्या ताळेबंदात ही बचत दिसत नसली, तरी संस्थेची खरी कमाई तीच आहे, असे मी मानतो.